कलेक्टर नावाचा घोडा

“आणि एखाद्या दिवशी काहीच सुचलं नाही तर?”

प्रद्युम्नने विचारलं तेव्हा मुजावर मास्तर अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफल बाजूच्या ढिगावर टाकलं.

“सुचलं नाही असा दिवस...” ते म्हणाले, “रोजच येतो.”

प्रद्युम्न थांबला. त्याला वाटलं, पुढे काहीतरी येईल. मास्तरांनी शेंगांची परात त्याच्याकडे सरकवली. पुढे तेवढंच आलं.

घर मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या मागे. आजूबाजूच्या पत्र्यांवर भोपळे वाळत पडलेले. त्यांतल्या कुठल्या भोपळ्याची सतार होणार आणि कुठला फुटणार, हे ओळखायचा मास्तरांना नाद होता. त्यांचं बहुतेक वेळा चुकायचं, आणि चुकलं की ते खूश व्हायचे.

दस्तगीर मुजावर हे त्यांचं पूर्ण नाव. तरुणपणी ते टांग्यांच्या पाठी रंगवायचे. गुलाबाची फुलं, मोर, मालकाचं नाव. पुढे शाळेत चित्रकलेचे मास्तर झाले. एकदा सांगलीच्या एका दैनिकात ऐन वेळी केशतेलाची जाहिरात रद्द झाली आणि पानावर आडव्या पट्टीएवढी जागा मोकळी राहिली. छापखान्यातला एक जण मास्तरांच्या ओळखीचा होता. त्याने सांगितलं, काहीही दे, पण या मापाचं दे. मास्तरांनी चार चौकटी आखल्या आणि त्यांत शिदबा नावाचा एक टांगेवाला काढला. त्याच्या घोड्याचं नाव ठेवलं कलेक्टर.

दुसऱ्या दिवशी तेलाची जाहिरात परत आली. त्याच सकाळी कचेरीच्या दारात माणसं उभी राहिली आणि विचारू लागली, आमचा टांगा कुठाय? जाहिरात दुसऱ्या पानावर गेली. टांगा तिथेच राहिला आणि नंतर रोज येत राहिला.

त्यातली शिरगणतीची चित्रपट्टी अजून लोकांना तोंडपाठ आहे. गणनेला आलेला कारकून शिदबाला विचारतो, घरात कोण कोण? मी, बायको आणि कलेक्टर. कारकून दचकतो. विचारतो, कलेक्टर म्हणजे सरकारी नोकरीत का? शिदबा म्हणतो, “नाही साहेब, काम करतो.” आणि मागे घोडा, मान खाली, सगळ्या जगाला क्षमा केल्यासारखा.

मिरजेतले खरे टांगे एकेक करून गेले. स्टेशनसमोरच्या टांगा अड्ड्यावर रिक्षा उभ्या राहू लागल्या. शिदबाचा टांगा मात्र पळत होता. जन्मात कधी टांग्यात न बसलेली पोरं मास्तरांना रस्त्यात गाठून कलेक्टरची तब्येत विचारायची. त्याला सर्दी झाल्याची पट्टी आली, तेव्हा कुणीतरी कचेरीत ओवा आणि गुळाची पुडी ठेवून गेलं होतं. मास्तरांनी त्या गुळाचा चहा केला आणि पुढच्या पट्टीत घोडा बरा झाला.

आता मास्तरांचा हात कापत होता. चाक काढायला घेतलं की त्याची वाटी व्हायची. संपादक थोरातबाईंनी बराच काळ चालवून घेतलं. मग एक दिवस त्यांनी मुंबईला प्रद्युम्न आठल्येला फोन केला.

प्रद्युम्न मूळचा रत्नागिरीचा. मुंबईच्या कलाशाळेत सुवर्णपदक मिळवलेला. पुढे एका इंग्रजी साप्ताहिकात त्याची चित्रं यायची आणि लोक त्यांना ‘गंभीर’ म्हणायचे. रेसकोर्सवर बसून त्याने घोड्यांचा एवढा अभ्यास केला होता की घोड्याचा कुठला स्नायू कुठल्या पावलाला ताणतो, ते तो डोळे मिटून सांगू शकला असता. लहानपणी मामाकडे सांगलीला सुट्टीला आला की तो आधी कलेक्टर वाचायचा. फोन आला तेव्हा त्याला आनंद झाला. पण त्या आनंदात एक विचारही होता. तो त्याने कुणाला बोलून दाखवला नाही. त्याला वाटत होतं, या घोड्याचे पाय कुणीतरी एकदा सरळ करायला हवेत.

ठरलं ते असं, की प्रद्युम्नने मास्तरांकडे राहायचं आणि पट्टी काढायची. मास्तरांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. दिवाळीपर्यंत नाव मास्तरांचंच छापायचं. वाचकांनी स्वीकारलं तर पुढे प्रद्युम्नचं.

पहिल्याच आठवड्यात त्याने मास्तरांना हाताबद्दल विचारलं. कधीपासून कापतो?

“पहिल्या दिवसापासून,” मास्तर म्हणाले. “आता लोकांना दिसायला लागलं, एवढंच.”

प्रद्युम्न हसला. मास्तर थट्टा करतायत असं त्याला वाटलं. मास्तर हसले नाहीत... पेन्सिलीला टोक करत राहिले.

मग त्याने आपला घोडा दाखवला. तीन दिवस खपून काढलेला. मान कमानीसारखी, आयाळ वाऱ्यावर, पोटावरची शीर न् शीर दिसतेय. मास्तरांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

“देखणा आहे,” ते म्हणाले. “याला टांग्याला जुंपायला जीव व्हायचा नाही.”

प्रद्युम्नने ती स्तुती समजली.

त्याच्या पट्ट्या छापून येऊ लागल्या. मास्तर प्रत्येक पट्टी बघायचे आणि हो म्हणायचे. एकदाही नाही म्हणाले नाहीत. प्रद्युम्नला वाटलं, आपण जिंकलो. शिदबाच्या मागे आता खरी मिरज दिसत होती. स्टेशनच्या कमानी, दर्ग्याचा घुमट, मार्केटचा मनोरा, सगळं मापात. विनोदही बारीक, दोनदा वाचावे असे. त्याने मुंबईच्या मित्रांना अंक पाठवले. मित्रांनी कळवलं की काम फार वरच्या दर्जाचं आहे.

एका सकाळी मास्तरांनी त्याला बरोबर घेतलं आणि लक्ष्मी मार्केटजवळ विष्णू काशीदच्या सलूनमध्ये नेऊन बाकड्यावर बसवलं. अट एकच. पेपरकडे बघायचं नाही, वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं.

प्रद्युम्न बघत राहिला. पहिला आला तो मार्केटमधला एक आडत्या. त्याने आल्या आल्या बाजारभावाच्या आधी शेवटचं पान उघडलं. डोळे पट्टीवर गेले, डावीकडून उजवीकडे सरकले. चेहरा तसाच राहिला, भिंतीवरचं कॅलेंडर बघावं तसा. पान उलटलं.

दुसरा आला. त्याचंही तसंच. तिसऱ्या माणसाने पट्टी दोनदा वाचली, प्रद्युम्नच्या अपेक्षेप्रमाणे. मग तो शेजारच्याला म्हणाला, मास्तर आजारी आहेत की काय हो?

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला मास्तर स्वतः बसले होते. कुणीतरी त्यांना तब्येत विचारली. त्यांनी सांगितलं, ठणठणीत आहे, कालच दोन भाकरी खाल्ल्या.

परतताना गल्लीच्या तोंडाशी आल्यावर प्रद्युम्नचा बांध फुटला. इथल्या लोकांना रेषा कळत नाही, असं तो म्हणाला. त्यांना पाय वाकडे असलेला घोडाच पाहिजे. एवढं काम आणि बघायला दोन सेकंद.

“खरंय,” मास्तर म्हणाले. “त्यांना रेषा नाही कळत.”

आणि एका पत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले, तो भोपळा बघ, त्याची सतार होणार.

त्या आठवड्यात थोरातबाईंचा फोन आला. त्या सभ्य बाई होत्या, आवाज चढवून बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एवढंच सांगितलं की त्या जागेसाठी राशिभविष्याची मागणी आहे, आणि महिनाअखेर काय ते ठरवावं लागेल. एवढी वर्षं पळणारा टांगा आपल्या हातात येऊन थांबणार, हे प्रद्युम्नला रिसीव्हर ठेवताना कळलं. त्याने ते मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी विचारलं, कुठल्या राशीचं?

प्रद्युम्नने बॅग भरली. दुपारची गाडी होती. जाण्याआधी त्याने आपली शेवटची पट्टी भिंतीला टाचली. राग होता, पण त्या रागातही त्याला वाटत होतं की ही सगळ्यात चांगली झालीय. स्टेशनसमोरचा टांगा. टांग्यात लग्नाचं वऱ्हाड, नवरी, नवरीची आत्या, कांद्याची पोती, पाटीत कोंबडी, मांडीवर पोरं, दांडीला लोंबकळणारा पाहुणा. सुई शिरायला जागा नाही.

त्याने नमस्कार करायला मास्तरांना हाक मारली.

मास्तर बाहेर आले. पट्टी दिसल्यावर भिंतीजवळ गेले. खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आठल्ये... मी कुठं बसू?”

प्रद्युम्नला कळलं नाही. खुर्ची तिथेच होती. त्याने ती पुढे ओढली.

मास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या. धोतराचा सोगा उचलला. चित्रातल्या टांग्यासमोर उभं राहून एक पाय उचलला, पायरीवर ठेवायला उचलावा तसा... आणि तो हवेतच धरला. एक हात दांडी शोधत वर गेला. म्हाताऱ्याचा सगळा देह डुगडुगत होता. प्रद्युम्न सावरायला धावला.

मास्तरांनी पाय खाली घेतला.

“गाडी फुल्ल आहे,” ते म्हणाले. चपला काढल्या आणि चहा टाकायला आत गेले.

प्रद्युम्न अंगणात उभा राहिला. आतून स्टोव्हचा आवाज येत होता. भिंतीवरची आत्या, पोती, कोंबडी, सगळी त्याच्याकडे बघत होती. त्याने सलूनमधल्या आडत्याचा चेहरा आठवला. त्याच्यासाठी जागा शोधली. नव्हती. सकाळी अर्धी दाढी झालेला माणूस या टांग्याजवळ येतो, थांबतो, आणि पुढे निघून जातो. दुसरं काय करणार?

चहा आला. तो दोघांनी घेतला. गाडी सुटायची वेळ झाली आणि टळली.

पुढचे दिवस वाईट गेले, पण त्यांतही एक मजा होती. प्रद्युम्न काढायचा आणि काढलेलं काढून टाकायचा. आधी दर्ग्याचा घुमट गेला, मग कमानी गेल्या. मग घोड्याच्या पोटावरच्या शिरा गेल्या. ते त्याला जड गेलं. शेवटी उरला शिदबा, घोडा, आणि मागची रिकामी गादी. काही सुचत नव्हतं. सकाळी सुचत नव्हतं, दुपारी सुचत नव्हतं, पट्टी घेऊन सांगलीची बस पकडायची वेळ यायची तेव्हा कुठे काहीतरी कागदावर उमटायचं.

अशाच एका घाईत त्याने एक साधी पट्टी काढली. वाहतूक खात्याचा साहेब शिदबाला अडवतो. लायसन? शिदबा दाखवतो. गाडीचे कागद? दाखवतो. तिसऱ्या चौकटीत साहेब विचारतो, दिवे कुठायत? चौथ्या चौकटीत शब्दच नाही. नुसता कलेक्टर. दोन्ही डोळे टक्क उघडे.

मास्तरांनी पट्टी पाहिली, हो म्हणाले, नेहमीसारखेच.

सकाळी प्रद्युम्न सलूनमध्ये जाऊन बसला. खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ होते, तोंडभर फेस. पेपर दुसऱ्याच्या हातात. गृहस्थांनी फेसातूनच विचारलं, कलेक्टर काय म्हणतो आज? विष्णूने वस्तरा थांबवला, वाकून पट्टी वाचली आणि तो एकदम सरळ झाला. त्याला ते तोंडाने सांगता येईना. त्याने आरशात बघून आपलेच डोळे तसे करून दाखवले.

गृहस्थ हसले. फेस आरशावर उडाला.

“आणि डावीकडं वळायचं असलं की?” बाकड्यावरून कुणीतरी विचारलं.

विष्णूने एक डोळा मिटला. उघडला. परत मिटला. परत उघडला.

सलूनमध्ये हसण्याचा नुसता स्फोट झाला. मग जो तो आपापली भर घालू लागला. कुणी म्हणालं, शिंक आली की हॉर्न. आडत्या बाजारभाव विसरला आणि गाडी मागे घेताना कलेक्टर काय करेल ते उठून करून दाखवू लागला. रस्त्यावरचे दोघे काय झालं बघायला आत आले, त्यांना पट्टी दाखवण्यात आली, मग ते हसू लागले. गृहस्थांची अर्धी दाढी तशीच राहिली होती आणि कुणाला घाई नव्हती.

प्रद्युम्नच्या कपाळावर आधी ती जुनी आठी उमटली. मी इंडिकेटर काढलेलाच नाही. शिंकही काढलेली नाही. हे लोक माझ्या पट्टीत काय वाटेल ते घुसवतायत. मग विष्णूने परत एकदा डोळा मिचकावला, आणि प्रद्युम्नच्या पोटातून काहीतरी उसळून वर आलं. तो हसला. किती दिवसांत हसला नव्हता. एवढा हसला की बाकड्याच्या कडेचा आधार घ्यावा लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, तुम्हीही वाचता होय कलेक्टर?

तो हो म्हणाला.

घरी पोचल्यावर त्याने मास्तरांना सगळं सांगितलं. कसं घडलं, कोण काय म्हणालं. मास्तरांनी त्याला मध्येच थांबवलं आणि विष्णूने डोळा कसा मिचकावला ते करून दाखवायला सांगितलं. सुवर्णपदकवाला प्रद्युम्न आठल्ये भर अंगणात उभा राहिला आणि त्याने घोड्यासारखा डावा डोळा मिचकावला. मास्तर हसता हसता खोकू लागले. पाणी प्यायले. मग म्हणाले, आता उजवीकडं वळ.

राशिभविष्य दुसऱ्या पानावर गेलं. दिवाळी आली. पट्टीखाली आठल्ये हे नाव छापून आलं आणि ते कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. लोक अजून मास्तरांनाच रस्त्यात अडवून कालच्या पट्टीबद्दल बोलायचे, आणि मास्तर ते खुशाल ऐकून घ्यायचे.

प्रद्युम्नने जवळच खोली घेतली. तो निघाला त्या दिवशी मास्तरांनी एकच गोष्ट सांगितली. इथून पुढे पट्टी मला दाखवू नकोस.

त्याला ते लागलं. रोज संध्याकाळी तो मास्तरांकडे जायचा, शेंगा खायचा, भोपळ्यांवर पैजा लावायचा. पट्टीचं नाव कधी निघायचं नाही. मास्तर आता वाचतात की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. विचारायला जीभ रेटत नव्हती. चांगलं झालं की वाईट, हे सांगणारं सगळं गाव होतं. फक्त तो एक माणूस सांगत नव्हता. कधी कधी त्याला वाटायचं, मास्तरांना टांगा सोडल्याचं दुःख झालंय आणि ते आता त्याच्याकडे बघणारच नाहीत.

उन्हाळ्यात एक दिवस त्याने एक धाडस केलं. मास्तरांनी एवढ्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं, ते केलं. शिदबा सकाळी पाण्याची बादली घेऊन बाहेर येतो, आणि खुंट्याला कलेक्टर नसतो. पट्टी सांगलीला गेली, तेव्हापासून त्याला चैन पडेना. मास्तरांच्या घोड्याला हात लावला, आता त्यांना काय वाटेल?

सकाळी तो लवकरच विष्णूच्या दुकानात गेला. खुर्चीत मास्तर बसले होते. गळ्याभोवती पांढरं कापड, एका गालावर फेस, नाकावर चष्मा. हातात पेपर. विष्णू वस्तरा घेऊन बाजूला उभा होता. मास्तरांनीच त्याला थांबवलेलं दिसत होतं.

मास्तर पट्टी वाचत होते. सावकाश, एकेक चौकट. शेवटची चौकट त्यांनी तळव्याने झाकून धरली होती. दुसऱ्या चौकटीवर त्यांच्या भुवया वर गेल्या. तिसरीवर ते पुढे वाकले आणि फेसाचा एक थेंब चित्रातल्या बादलीशेजारी पडला. तळहात थरथरत होता, पण जागचा हलत नव्हता.

प्रद्युम्नला राहवेना. तो त्यांच्या खांद्याशी वाकला आणि हळूच विचारलं, “मास्तर... जमलंय का?”

मास्तरांनी वर पाहिलं नाही. त्याची सावली पेपरवर पडत होती. कोपराने त्यांनी त्याला थोडं बाजूला सारलं.

“थांब रे...” ते म्हणाले. “कलेक्टर कुठं गेलाय, ते बघू दे.”